पीएफ कोणाचा? घटस्फोटात निवृत्तीच्या पैशांचं काय होतं

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

पैशांवर बोलायचं म्हटलं की आपण एसआयपी, टर्म इन्शुरन्स, होम लोन यावर तासभर बोलतो. आजचा विषय तसा नाही. नवरा-बायको वेगळे होतात, प्रकरण कौटुंबिक न्यायालयात जातं, तेव्हा म्हातारपणासाठी साठवलेल्या पैशांचं काय होतं? म्हणजे पीएफ, पीपीएफ, एनपीएस, पेन्शन. हा प्रश्न तुमच्यापैकी तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता.

आधीच सांगते, मी वकील नाही. मी कोड लिहून पोट भरते. कायदा जेवढा वाचून, विचारून आणि दोन-तीन जणांच्या कागदपत्रांवर बसून कळला, तेवढाच सांगणार आहे. तुमची केस चालू असेल तर हा भाग ऐका आणि मग प्रश्नांची यादी घेऊन आपल्या वकिलांकडे जा.

सुरुवात यादीपासून करू. घटस्फोटाची बोलणी सुरू झाली की एक यादी तयार होते. फ्लॅट, त्याचं कर्ज, गाडी, दागिने, एफडी, कधीकधी म्युच्युअल फंड. भांडी आणि वॉशिंग मशीनसुद्धा असतात, गंमत नाही सांगत. पण बऱ्याच याद्यांमध्ये पीएफ नसतो. कोणी लपवलेला असतो असं नाही, तो कोणाला आठवतच नाही. कारण तो घरात दिसत नाही. पगाराच्या स्लिपवर तो 'कपात' या रकान्यात असतो. जे पैसे कधी घरी आलेच नाहीत, ते घराचे कसे वाटणार?

माझी कॉलेजची एक मैत्रीण आहे. लग्नानंतर नवऱ्याची दुसऱ्या शहरात बदली झाली, हिने नोकरी सोडली, मग बाळ झालं, मग सासऱ्यांचं आजारपण. पाच वर्षांनी परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलं, तेव्हा तिने कन्सेन्ट टर्म्सचा मसुदा मला पाठवला आणि म्हणाली, "तू एक्सेलमध्ये चांगली आहेस, आकडे बरोबर आहेत का तेवढं बघ." आकडे बरोबर होते. मी विचारलं, "पीएफ कुठे आहे गं?" ती म्हणाली, "पीएफ त्याचा आहे ना, त्याच्या पगारातून कापलेला."

तिचं हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने चुकीचं नाही. तिथूनच पुढे जाऊ.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात आणि देशाच्या बहुतेक भागात, लग्नानंतर कमावलेली संपत्ती दोघांची असा नियम नाही. ज्याच्या नावावर, त्याची. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यातल्या कलम २७ खाली न्यायालय मालमत्तेचा निर्णय देऊ शकतं, पण ती लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेली आणि दोघांच्या मालकीची असावी लागते. पीएफ त्यात बसत नाही. स्त्रीधन हा वेगळा हक्क आहे, ते बाईचंच असतं. पण नवऱ्याच्या नोकरीतून साठलेला पीएफ म्हणजे स्त्रीधन नव्हे.

मग राहते पोटगी. केस चालू असताना कलम २४ ची अंतरिम पोटगी, निकालाच्या वेळी कलम २५ ची कायमस्वरूपी पोटगी. दोन्ही कलमं नवरा-बायको दोघांनाही खुली आहेत, व्यवहारात बहुतेक वेळा बायको मागते एवढंच. कलम २५ मध्ये न्यायालय दोघांचं उत्पन्न, दोघांची इतर मालमत्ता, वागणूक आणि परिस्थिती बघतं. 'इतर मालमत्ता' या दोन शब्दांतून पीएफ आत येऊ शकतो.

पण येतो कसा, ते नीट समजून घ्या. वाटायची रक्कम म्हणून तो येत नाही. समोरच्याची ऐपत किती, हे मोजायला येतो. पोटगीचा पाया गरज आणि ऐपत हा आहे, वाटा हा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात म्हटलं, की पोटगी म्हणजे दोघांची संपत्ती सारखी करून देण्याचा मार्ग नव्हे.

म्हणजे मैत्रिणीने "यात माझा अर्धा वाटा आहे" असं म्हटलं तर इथल्या कायद्यात त्याला आधार नाही. पण "माझ्याकडे म्हातारपणासाठी शून्य आहे, त्याच्याकडे इतके आहेत, आणि माझं शून्य कशामुळे झालं ते बघा" असं म्हटलं, तर ते न्यायालयापुढे मांडता येतं. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात, आणि हे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलंय की घर, मुलं, म्हातारी माणसं यांच्यासाठी बायकोने नोकरी सोडली असेल तर पोटगी ठरवताना ते लक्षात घ्यायचं.

पैसे आहेत, पण हात लावता येत नाही

दुसरी अडचण. समजा न्यायालयाने पोटगी ठरवली आणि समोरचा देत नाही. मग त्याच्या पीएफवर जप्ती आणता येईल का?

सर्वसाधारण उत्तर, नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीला १९५२ च्या कायद्यापासून संरक्षण आहे. खात्यातली रक्कम कोणाला लिहून देता येत नाही, तारण ठेवता येत नाही, न्यायालयाच्या हुकमाने जप्त होत नाही. ग्रॅच्युइटीला १९७२ च्या कायद्यापासून तसंच संरक्षण आहे. पीपीएफही जप्त होत नाही. हेतू चांगला होता. सावकाराने कामगाराच्या म्हातारपणावर हात टाकू नये. पण त्याच भिंतीमुळे घरातलं माणूसही बाहेर राहतं.

याउलट चालू पगार जप्त होऊ शकतो. इतर कर्जांच्या मानाने पोटगीच्या हुकमासाठी तर जास्त हिस्सा: दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार पगाराचा एक तृतीयांश भागच सुरक्षित राहतो. पेन्शनच्या बाबतीतही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलेलं आहे की बायको म्हणजे सावकार नव्हे, पेन्शनमधून तिची पोटगी वसूल होऊ शकते. थोडक्यात, वाहत्या पैशापर्यंत हात पोचतो, साठलेल्या पीएफपर्यंत पोचत नाही.

ज्याचा पीएफ आहे त्याला द्यायची इच्छा असली, तरी 'माझ्या पीएफचा इतका भाग हिच्या खात्यात वळवा' असा फॉर्म नाही. पीएफमधून पैसे काढायच्या कारणांच्या यादीत लग्न आहे. घटस्फोट नाही.

मग मोजायचं कसं

जे वळवता येत नाही, ते मोजता येतं. आणि मोजलं की त्याच्या बदल्यात दुसरीकडून देता येतं. परस्पर संमतीच्या घटस्फोटात, म्हणजे कलम १३-ब मध्ये, दोघं मिळून अटी ठरवतात. तिथे कायद्यात वाटा नसला तरी दोघांनी मान्य केलेला वाटा लिहिता येतो. म्हणून ही एक्सेल शीट महत्त्वाची.

मैत्रिणीसाठी केली तशी एक शीट सांगते, आकडे बदललेत. समजा त्याचा बेसिक ५०,००० रुपये. १२ टक्के त्याचे, १२ टक्के कंपनीचे, म्हणजे महिन्याला १२,०००. इथे एक बारकावा: सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या आणि १५,००० च्या वर बेसिक असलेल्यांना ईपीएस, म्हणजे पीएफला जोडलेली पेन्शन योजना, लागू नाही. म्हणून कंपनीचेही पूर्ण पैसे पीएफमध्येच जातात. आपल्या वयाच्या बहुतेकांचं असंच आहे. काही कंपन्या मात्र १५,००० वरच पीएफ कापतात, दोन्हीकडून १,८०० रुपये. त्यामुळे आधी स्लिप बघा.

लग्नाच्या दिवशी खात्यात २ लाख होते असं धरू. लग्नाला ५ वर्षं झाली. सोपं पडावं म्हणून व्याज सलग ८.२५ टक्के धरते. प्रत्यक्षात दर बदलतो, २०२१-२२ ला तो ८.१ होता. तर आज खात्यात साधारण ११ लाख ७८ हजार होतात. यातले लग्नाआधीचे २ लाख त्यांच्या व्याजासकट २ लाख ९७ हजार झालेत. ते निर्विवाद त्याचे. ते वजा केले की उरतात ८ लाख ८१ हजार. लग्न चालू असताना साठलेली रक्कम ही.

आता याच ८ लाख ८१ हजारांत पुढे एक रुपयाही न टाकता ते याच दराने ३० वर्षं ठेवले, तर साधारण ९५ लाख होतात. महागाई आहेच, ९५ लाखांची किंमत तेव्हा आजच्यासारखी नसेल. तरी मुद्दा बदलत नाही. नोकरी सोडलेल्या माणसाचा फक्त पाच वर्षांचा पगार बुडत नाही. ज्या वयात पैशाला वाढायला सगळ्यात जास्त वेळ मिळाला असता, त्या वयाचा पैसा बुडतो. पोटगीची बोलणी आजच्या भाड्यावर आणि मुलाच्या फीवर होतात. ५८ व्या वर्षाबद्दल त्या खोलीत कोणी बोलत नाही.

आणि तो पैसा एकट्याने साठवलेला होता का? १२ टक्के कापून उरलेल्या पगारात जिने महिना भागवला, तिनेही तो साठवलाच. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्या नावाचा रकाना नाही, एवढंच.

मैत्रिणीचं काय झालं ते सांगते. तिने ती शीट तशीच नवऱ्याला पाठवली. तो चिडला नाही. "हे मला सुचलंच नव्हतं" म्हणाला. दोन आठवडे घासाघीस झाली आणि लग्नाच्या काळातल्या पीएफच्या अर्ध्याला थोडी कमी एवढी रक्कम त्याने म्युच्युअल फंड विकून द्यायचं मान्य केलं. अटींमध्ये ती एकरकमी पोटगीचा भाग म्हणून लिहिली. सगळेच नवरे असे नसतात हे मला माहीत आहे. पण प्रश्न विचारलाच नसता तर याही नवऱ्याने दिले नसते.

करासाठी दोन वाक्यं. एकरकमी मिळालेली पोटगी सहसा उत्पन्न धरली जात नाही, दरमहा मिळणारी करपात्र ठरते. आणि पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर पीएफ काढताना कर नाही, त्याआधी काढला तर कर लागतो. ८ लाखांचा पीएफ म्हणजे हातात ८ लाख, असं धरण्याआधी हे बघा.

समोरचा सांगतच नसेल तर

संमती नसेल, केस लढायची असेल, तर रजनेश विरुद्ध नेहा या निकालाचा खरा उपयोग इथे आहे. पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं, हे त्या निकालाने देशभर बंधनकारक केलं. त्यात खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची, हेही त्याच निकालात आहे.

शपथपत्र आलं की पीएफचा रकाना रिकामा आहे का ते बघा. रिकामा असेल तर पगाराची स्लिप काढा. स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो आणि शपथपत्रात पीएफ नाही, ही विसंगती वकिलांना लगेच दाखवा. जोडीदाराचं पासबुक तुम्हाला परस्पर काढता येत नाही आणि त्याचा पासवर्ड माहीत असला तरी त्या वाटेला जाऊ नका. न्यायालयाकडे अर्ज करून कागद मागवता येतात.

आयटीवाल्यांसाठी खास: चार कंपन्या बदलल्या असतील तर एकाच यूएएन क्रमांकाखाली चार वेगळी खाती असू शकतात. रक्कम ट्रान्सफर केली नसेल तर शेवटच्या कंपनीच्या पासबुकात फक्त शेवटचे पैसे दिसतात. मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे पीएफ ट्रस्ट असतात, त्यांचं पासबुक ईपीएफओच्या पोर्टलवर दिसतही नाही. प्रत्येक नोकरीचा पीएफ स्वतंत्र विचारा.

सीमा ओलांडली की

आपल्या शेजारी गोव्यात चित्र वेगळं आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या तिथल्या कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची संपत्ती सामाईक धरली जाते आणि दोघांचा अर्धा-अर्धा हक्क असतो. म्हणजे 'वाटा' ही कल्पना परदेशीच आहे असं नाही, सावंतवाडीपासून तासाभरावर ती आहे.

न्यू जर्सी, टेक्सासहून ऐकणाऱ्यांसाठी: तुमच्या ४०१-के लाही १९७४ च्या एरिसा कायद्याचं असंच संरक्षण आहे. पण अमेरिकेने १९८४ मध्ये त्या भिंतीत एक दार ठेवलं. क्वालिफाइड डोमेस्टिक रिलेशन्स ऑर्डर, बोलताना 'क्वाड्रो'. राज्याच्या न्यायालयाने असा हुकूम दिला आणि योजनेच्या प्रशासकाने तो मान्य केला, की ठरलेला भाग थेट माजी जोडीदाराच्या नावावर जातो. तो आपल्या आयआरए खात्यात वळवला तर तेव्हा कर नाही. क्वाड्रोखाली रोख घेतला तर कर लागतो, पण वयाआधी काढल्याचा १० टक्के दंड लागत नाही. मात्र पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचा हुकूम थेट त्या प्रशासकाला दाखवून चालत नाही, तिथल्या राज्याच्या कायद्याखालचा हुकूम लागतो. अर्धं आयुष्य तिकडे आणि घटस्फोट इकडे, अशी केस असेल तर दोन्हीकडचे वकील लागतील, हे आधीच धरून चाला.

आपल्याकडे भिंत बांधली, दार ठेवायचं राहिलं. माझं मत विचाराल तर आधी तेवढं दार हवं: दोघांनी लिहून दिलं आणि न्यायालयाने शिक्का मारला, तर पीएफचा ठरलेला भाग एका यूएएनवरून दुसऱ्या यूएएनवर जावा. सावकाराचा हात त्याने आत येत नाही.

आज काय करायचं

दार होईल तेव्हा होईल. तुमचं लग्न छान चालू असेल तरी हे करा. तेव्हाच करणं सोपं असतं.

पहिलं, दोघांपैकी एकाने नोकरी सोडली किंवा कमी केली, की त्याच महिन्यापासून त्याच्या नावावर निवृत्तीची बचत सुरू करा. पीपीएफमध्ये प्रत्येक खात्याला वर्षाला दीड लाखांची मर्यादा आहे, बायकोचं खातं वेगळं, तिची मर्यादा वेगळी. त्याचं व्याज करमुक्त आहे, त्यामुळे नवऱ्याने पैसे दिले तरी त्या व्याजावर कर येत नाही. एनपीएसचं खातंही तिचं स्वतःचं काढता येतं. ही मेहेरबानी समजू नका. एकाची कपात चालू आहे, तर दुसऱ्याचीही चालू ठेवायची.

दुसरं, वर्षातून एकदा दोघांनी दोघांची पासबुकं एकत्र उघडून बघा. आणि लग्नाच्या तारखेची शिल्लक कुठेतरी लिहून ठेवा.

तिसरं, घटस्फोट झाला असेल तर नॉमिनी बदला. तुमचा हुकूमनामा ईपीएफओला कोणी कळवत नाही. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या बचत योजनेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माजी बायकोने घटस्फोटात हक्क सोडला होता, नवऱ्याने फॉर्म बदलला नव्हता, तो वारला. २००९ मध्ये निकाल लागला की योजनेने फॉर्मवरच्या नावाला पैसे दिले ते बरोबरच, आणि ती रक्कम चार लाख डॉलर होती. आपल्याकडे नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे खरं, पण पैसे आधी त्याच्या हातात जातात आणि वारसांची भांडणं मग सुरू होतात.

चौथं, आपल्या आई-मावशीच्या पिढीसाठी. ईपीएसची विधवा पेन्शन किंवा सरकारी कुटुंब निवृत्तिवेतन जोडीदार या नात्यावर मिळतं. घटस्फोटाने ते नातं संपतं आणि तो हक्कही. पंचावन्नाव्या वर्षी कोणी संमतीच्या कागदावर सही करत असेल, तर सहीआधी हे विचारायलाच हवं: आज जे सुटतंय त्याच्या बदल्यात काय मिळतंय?

आजच्यापुरतं एवढंच. शीटचे रकाने पुन्हा सांगते, लिहून घ्या: लग्नाच्या तारखेची शिल्लक, तिच्यावरचं आजवरचं व्याज, आजची एकूण शिल्लक, आणि वजाबाकी. प्रत्येक नोकरीसाठी वेगळी ओळ. प्रश्न असतील तर पाठवा, कायद्याचे असतील ते पुढच्या वेळी एखाद्या वकील मॅडमना बोलावून विचारू. भेटू पुढच्या भागात.